नऊ वर्षांच्या मुलाच्या वागण्यासाठी थेरपिस्ट कुठे शोधावा? सेलूत राहतो, पुण्याला न्यावं का?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगा शाळेत मारामारी करतो, घरी राग आला की हाताला येईल ते फेकतो. मिस्टर म्हणतात दोन रट्टे दिले की सरळ येईल, सासूबाई म्हणतात बाहेरचं काहीतरी आहे, आणि तुम्हाला वाटतंय की कुणातरी जाणकाराला दाखवावं. तुमचं बरोबर आहे. मी परभणीचा. माझी बहीण गंगाखेडला असते, तिच्या मुलासाठी ही सगळी शोधाशोध मी केलीय, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी पुण्याचं. लगेच नेऊ नका. आपल्याकडे लेकराला काही झालं की उसनवारी करून पुण्या-मुंबईचं मोठं नाव गाठायचं, एकदा दाखवायचं आणि फाईल घेऊन परत यायचं, अशी रीत पडलीय. ऑपरेशन करायचं असेल तर ते चालतं. वागणं एका भेटीत बदलत नाही. दर आठवड्याला, निदान पंधरवड्याला जावं लागतं आणि मधल्या दिवसांत सांगितलेलं घरी करावं लागतं. म्हणून सकाळच्या गाडीने जाऊन संध्याकाळी घरी येता येईल एवढ्या अंतरावरचा नीट शिकलेला माणूस हाच तुमच्या कामाचा. तुम्हाला रेल्वेची सोय आहे. परभणी, नांदेड, जालना, संभाजीनगर सगळं एकाच लाईनवर आहे.

आता कोण कोण असतं ते. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस करून पुढे मानसोपचारात शिकलेला डॉक्टर. यांच्यातला गोळ्या लिहून देऊ शकणारा तोच. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट तपासण्या करतो आणि थेरपी देतो, औषध देत नाही. त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे नोंदणी असावी लागते. नोंदणी क्रमांक सरळ विचारा. विचारण्यात अपमान काही नाही, आणि परिषदेच्या संकेतस्थळावर तो तपासताही येतो. तिसरा समुपदेशक. यांच्यात फार चांगली माणसं आहेत, पण थोड्या दिवसांचा कोर्स करून पाटी लावणारेही आहेत. तेव्हा शिक्षण काय झालंय आणि लहान मुलांसोबत किती काम केलंय, हे दोन्ही फोनवरच विचारून घ्या.

सुरुवात फोननेच करा. १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी फोनसेवेचा नंबर आहे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलाय, चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. मुलाचं सांगा आणि आपल्या जिल्ह्यात कुणाकडे पाठवता ते विचारा. दुसरा रस्ता सरकारी दवाखान्याचा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची माणसं जिल्ह्याच्या ठिकाणी असतात. संभाजीनगरची घाटी, नांदेडचं विष्णुपुरी, लातूर, अंबाजोगाई इथल्या शासकीय मेडिकल कॉलेजांत मानसोपचाराची ओपीडी आहे. गर्दी असते, केसपेपरसाठी सकाळीच रांगेत लागावं लागतं, पण तिथे एकाच आवारात कानाचा, डोळ्यांचा आणि लहान मुलांचा डॉक्टर मिळतो. खाजगीत हे सगळं वेगवेगळ्या पत्त्यांवर शोधत फिरावं लागतं.

त्या बाकीच्या डॉक्टरांचं मी मुद्दाम लिहितोय. नीट ऐकू न येणारं मूल हट्टी वाटतं. फळ्यावरचं न दिसणारं मूल वर्गात खोड्या काढतं. वाचता-लिहिता येत नाही म्हणून रोज बोलणी खाणारं मूल मधल्या सुट्टीत हात उचलतं. रक्त कमी असणं, झोप पुरी न होणं, घशातल्या गाठींमुळे रात्रभर घोरणं, यानेही मूल दिवसभर चिडचिड करतं. आधी हे तपासून घ्या. शाळेत वर्षातून एकदा आरबीएसकेचं, म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं. हेडमास्तरांना सांगून तुमच्या मुलाचं नाव त्यांच्याकडे द्या. ते पुढे जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे, म्हणजे मुलांच्या अडचणी तपासून उपचार करणाऱ्या सरकारी केंद्राकडे, चिठ्ठी देऊ शकतात. त्या केंद्रात मानसशास्त्रज्ञाचं पद असतं. ते सध्या भरलेलं आहे का, एवढं जाण्याआधी विचारून घ्या, नाहीतर हेलपाटा होतो.

माणूस बरा की नाही, हे पहिल्या भेटीतच बरंचसं कळतं. भाच्याला घेऊन आम्ही ज्या मॅडमकडे गेलो, त्यांनी त्याला रंग आणि कागद देऊन शेजारी बसवलं आणि माझ्या बहिणीला विचारलं, "परवा चिडला म्हणता ना, त्याच्या अर्धा तास आधी घरात काय चाललं होतं?" बहिणीला सांगता येईना. मॅडमनी शंभर पानी वहीत तीन रकाने आखून दिले. आधी काय चाललं होतं, त्याने काय केलं, त्यानंतर घरच्यांनी काय केलं. वेळ टाकायची, आणि "लई त्रास दिला" असं मोघम लिहायचं नाही, जे घडलं तेवढंच लिहायचं. वही भरत गेली तसं दिसायला लागलं की बहुतेक आदळआपट शाळेतून आल्यावर, दिवेलागणीच्या आत होते. पोटात सकाळच्या डब्यानंतर काही नसायचं, आल्याआल्या मोबाईल हातात, तो काढून घेतला की भांडण, आणि भांडण वाढलं की आजी मोबाईल परत द्यायची. तिसऱ्या रकान्यात पुन्हा पुन्हा तेच, "मोबाईल दिला". म्हणजे फेकाफेक केली की वस्तू मिळते, हे लेकरू आमच्याच घरात शिकत होतं. मग आल्यावर आधी भाकरी-दूध, मोबाईलची वेळ ठरलेली, आणि शांतपणे मोबाईल परत दिला की लगेच कौतुक, असं सुरू झालं.

एक गोष्ट त्या मॅडमनी आधीच सांगितली होती म्हणून बहीण टिकली. रडून-फेकून मिळणारी वस्तू मिळेनाशी झाली की सुरुवातीला मूल जास्त धिंगाणा घालतं. तेव्हाच घरातल्या कुणी हार मानली, तर पुढच्या खेपेला आणखी जोर लावायचा, एवढंच ते शिकतं. म्हणून थेरपीला मिस्टरांना आणि जमलं तर सासूबाईंनाही न्या. सगळ्यांनी एकच वागायचं हे डॉक्टरच्या तोंडून ऐकलं की घरात वाद कमी होतो. माराबद्दल मला ठाम वाटतं. राग आला की हात उचलायचा हे घरातच बघितलेलं मूल शाळेत तेच करणार. सासूबाईंशी भांडू नका, देवाचा अंगारा लावायचा तर लावू द्या. पण कुणी बाबा-बुवा उतरवण्याच्या नावाखाली मुलाला मारणार, चटके देणार असेल, तर तो २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, हे घरात स्पष्ट सांगा.

तीन सिटिंगमध्ये मूल ठीक करून देतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. आईबापांशी धड न बोलता मुलाला आत घेणाऱ्याकडे आणि शाळेत काय चालतं हे न विचारता गोळ्या लिहिणाऱ्याकडेही नको. नीट तपासून एडीएचडीसारखं (लक्ष न टिकणं, सतत चुळबूळ, विचार न करता कृती) निदान निघालं आणि मानसोपचारतज्ज्ञाने औषध सुचवलं, तर त्याला घाबरूही नका. कशासाठी, किती दिवस, त्रास काय होऊ शकतो, हे विचारून घ्या आणि मनाने बंद करू नका.

मुलाचं वागणं अचानक, थोड्या दिवसांत बदललं असेल, पुन्हा अंथरूण ओलं व्हायला लागलं असेल, एखाद्या माणसाला किंवा जागेला तो घाबरत असेल, तर त्याला कुणी त्रास देतंय का हे आधी बघा. त्यासाठी १०९८ ही मुलांसाठीची चाइल्ड हेल्पलाइन आहे. मरण्याचं बोलत असेल किंवा स्वतःला इजा करत असेल, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

पहिल्या भेटीला जाताना शाळेचं प्रगतिपुस्तक, जुने रिपोर्ट आणि वर्गशिक्षकांची चार ओळींची चिठ्ठी सोबत ठेवा. वही आजपासूनच सुरू करा. आणि मुलाला "चल, तुला डॉक्टरकडे नेऊन सुई देते" असं कुणी म्हणू नये. राग आला की तुलाही त्रास होतो ना, तो कमी कसा करायचा ते सांगणाऱ्या माणसाकडे आपण सगळे जाणार आहोत, एवढंच आदल्या दिवशी सांगा. तो "मी येणार नाही" म्हणाला तरी ठरलेली वेळ मोडू नका. तसं झालं तर पहिल्या खेपेला तुम्ही दोघं नवरा-बायकोच जा, बरेच थेरपिस्ट तसंही आधी आईवडिलांनाच बोलावतात.