विंडोज एका डिस्कवर, सुरुवात दुसऱ्या डिस्कवरून

प्रश्न : २०१९ साली घेतलेल्या माझ्या डेस्कटॉपमध्ये विंडोज १० असलेली १ टीबीची साटा हार्ड डिस्क आहे. गेल्या महिन्यात ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी (मदरबोर्डवरील एम.२ खाचेत बसणारी वेगवान डिस्क) बसवून तिच्यावर विंडोज ११ टाकले. जुन्या डिस्कची केबल काढली, तर संगणक सुरूच होत नाही. बायोसमध्ये क्रम बदलूनही फरक पडला नाही. जुनी डिस्क फॉरमॅट करून केवळ छायाचित्रे साठवण्यासाठी वापरायची आहे. काय करावे?

उत्तर : फॉरमॅट करण्याआधी आपण केबल काढून पाहिलीत, हे फार चांगले केलेत. नाहीतर नवे विंडोज एसएसडीवर जसेच्या तसे असूनही संगणक उघडला नसता.

आपल्या संगणकातील यूईएफआय प्रणाली, जिला आपण सवयीने बायोसच म्हणतो, सुरू होताना विंडोजचा शोध घेत नाही. ती ईएफआय सिस्टिम पार्टिशन हा लहानसा, बहुधा १०० एमबीचा विभाग शोधते आणि त्यातील विंडोज बूट मॅनेजर चालवते. विंडोज कोठे आहे, हे पुढे तो ठरवतो. आपण नवे विंडोज टाकताना जुनी डिस्क जोडलेलीच होती. इन्स्टॉलरला तिच्यावर असा विभाग तयार सापडला, म्हणून त्याने एसएसडीवर दुसरा न करता सुरुवातीच्या फाइली तेथेच ठेवल्या असाव्यात. जी डिस्क स्वतःहून सुरुवात करूच शकत नाही, ती क्रमात पहिली ठेवून उपयोग होत नाही. विंडोजमधील डिस्क मॅनेजमेंट हे साधन उघडून हा विभाग कोणत्या डिस्कवर दिसतो ते पाहावे, म्हणजे खात्री होईल. तेथील ‘डिस्क ०’, ‘डिस्क १’ हे आकडे मात्र सुरुवातीचा क्रम दाखवत नाहीत; त्यांवरून पुष्कळांची फसगत होते.

बीसीडीबूट या आज्ञेने एसएसडीवर नव्या फाइली तयार करता येतात. पण त्याआधी डिस्कपार्ट या विंडोजच्या आज्ञा-साधनातून विभाग पाडावा लागतो आणि तेथे डिस्कचा क्रमांक चुकला तर भलतीच डिस्क पुसली जाऊ शकते. आपले विंडोज महिन्याभराचेच असल्याने ते पुन्हा टाकणे मला अधिक सुरक्षित वाटते. एसएसडीवरील कामाच्या फाइली आणि जुन्या डिस्कवरील छायाचित्रे आधी बाहेरच्या डिस्कवर घ्यावीत. दोहोंपैकी कोठेही बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल, तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवावी. मग वीज पूर्ण बंद करून जुन्या डिस्कची साटा केबल काढावी आणि बूट मेनूत (कोठून सुरुवात करायची हे विचारणाऱ्या यादीत) विंडोजचा इन्स्टॉलर असलेल्या पेनड्राइव्हची, यूईएफआय असे लिहिलेली नोंद निवडून इन्स्टॉलर चालवावा. हा मेनू गिगाबाइटच्या मदरबोर्डवर एफ१२, एमएसआयवर एफ११ आणि असूसवर एफ८ या कळीने उघडतो. एसएसडीवरचे सर्व विभाग काढून रिकाम्या जागेत विंडोज टाकले, की आवश्यक विभाग तेथेच तयार होतो, कारण दुसरी डिस्क त्याला दिसतच नाही.

संगणक एकट्या एसएसडीवर दोन-तीनदा नीट सुरू झाल्यावरच केबल परत जोडावी. आता बायोसमध्ये विंडोज बूट मॅनेजरच्या दोन नोंदी दिसू शकतील. एसएसडीचे नाव असलेली पहिली ठेवावी. जोडल्यावर जुनी डिस्क दिसलीच नाही, तर केबल दुसऱ्या साटा पोर्टमध्ये घालून पाहावी, कारण काही मदरबोर्डांवर एम.२ खाचेत एसएसडी बसवली की एखादा साटा पोर्ट बंद होतो. त्यानंतर जुन्या विंडोजचा मोठा विभाग फॉरमॅट करण्यास हरकत नाही. तिच्यावरचा तो १०० एमबीचा विभाग डिस्क मॅनेजमेंट पुसू देत नाही. तो तसाच राहू द्यावा.