बुडता बुडता वाचलेल्या माणसाच्या छातीतलं पाणी डॉक्टर काढत का नाहीत?

तुम्ही लिहिलंय, धाकटा भाऊ परवा हरिपूरच्या संगमावर बुडता बुडता वाचला, काठावर बोलतही होता, पण रात्री धाप लागली आणि आता व्हेंटिलेटरवर आहे. मग छातीतलं पाणी का काढत नाहीत?

मी मिरजेत आयसीयूत सिस्टर आहे. हा प्रश्न आमच्या दारात उभा असलेला प्रत्येक नातेवाईक विचारतो.

काढण्याजोगं पाणी छातीत उरलेलंच नसतं. काठावर पोट दाबल्यावर भडाभडा येतं ते पोटातलं. फुप्फुसात थोडंच जातं आणि नदीचं पाणी तिथून लवकर रक्तात शोषलं जातं. पण तेवढ्यात नुकसान होऊन जातं. फुप्फुसातल्या बारीक फुग्यांना आतून एक बुळबुळीत थर असतो, श्वास सोडल्यावर फुगे मिटून चिकटू नयेत म्हणून. पाण्यानं तोच बिघडतो. मग फुगे मिटत जातात, सूज येते, ऑक्सिजन उतरतो. याला काही तास लागतात, म्हणून भाऊ संध्याकाळी बरा वाटला आणि रात्री धापला. अशा पेशंटला बोलतोय म्हणून लगेच घरी नेऊ नये, निदान सहा-आठ तास तरी दवाखान्यात ठेवावं, असं मी कळकळीनं सांगते ते यासाठीच.

व्हेंटिलेटर लावला म्हणजे संपलं, असं मनात आणू नका. मशीन श्वासाच्या शेवटीही थोडा दाब धरून ठेवतं, त्यानं मिटलेले फुगे उघडे राहतात. हवा मात्र बेतानंच देतात, एका श्वासाला, उंचीवरून काढलेल्या वजनाच्या किलोमागे साधारण 6 मिली, कारण सुजलेलं फुप्फुस जास्त ताणलं तर आणखी फाटतं. ऑक्सिजन तरीही चढला नाही तर पेशंटला तासन् तास पालथं झोपवतात. ते बघून घाबरू नका. तो थर शरीर स्वतःच पुन्हा तयार करतं, त्याला दिवस लागतात. अँटिबायोटिक सुरू नसेल तर हट्ट धरू नका. पाणी फारच घाण असेल किंवा न्यूमोनियाची लक्षणं दिसली, तर डॉक्टर देतातच.

मला सगळ्यात धीर देणारी गोष्ट वाटली ती तुमच्याच प्रश्नात आहे: काठावर तो बोलत होता. म्हणजे मेंदूला फार वेळ ऑक्सिजन तुटला नसावा. ज्यांचं हृदय पाण्यात थांबलेलं असतं, त्यांच्या मेंदूबद्दल पहिले 72 तास तरी ठाम काही बोलता येत नाही. तुमच्या भावाची लढाई मुख्यतः फुप्फुसाची दिसते. आत्ता तो हाकेला ओ देत नाही, कारण नळी सहन व्हावी म्हणून औषधानं झोपवलेलं असतं.

एक काम आजच करा. सोबतच्या पोरांना विचारा, त्यानं उंचावरून सूर मारला होता का, आणि फिट येतात का हेही आठवा. सूर मारला असेल तर मानेला मार असू शकतो. डॉक्टरांना लगेच सांगा.