सावड मोडू नकोस

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

परवा ओट्यावर येऊन बसलास, चहा गार होईपर्यंत एक शब्द बोलला नाहीस आणि उठताना म्हणालास, "काका, द्राक्षबाग उपटायला जेसीबी सांगून ठेवलाय." मला तेव्हा काही सुचलं नाही. बोलण्यात मी कच्चा, म्हणून लिहितो.

बागेचं आधी उरकतो. ऑक्टोबर छाटणीनंतर फूट बाहेर आली आणि घडाच्या जागी नुसत्या बाळ्या, वेलीचे ते बिनफळाचे दोरे. यात तुझं काही चुकलेलं नाही. एप्रिल छाटणीनंतर काडीच्या डोळ्यात घड धरतो तो त्या चाळीस-साठ दिवसांच्या उन्हावर. २०२५ च्या मे महिन्यात ऊन होतं कुठे? मान्सून २४ मेला केरळात आला, दोन दिवसांत मुंबईत. त्याआधीचा अवकाळी वेगळाच. वेल डॉगरिजच्या खुंटावर कलम केलेला आहे, मुळं जिवंत आहेत, एप्रिलला पुन्हा छाटता येईल. नवी लावलीस तर पहिलं पीक हाती यायला दीड-दोन वर्षं. उपटायचीच असेल तर डोकं थंड झाल्यावर उपट. बागेचं संपलं.

मला राग आलाय तो दुसऱ्या गोष्टीचा. तुमची पाच जणांची सावड, म्हणजे मजुरी न घेता एकमेकांच्या बागेत राबायचं आणि दिवसाला दिवस फेडायचा. तुझ्या बागेत डोळे फुटावेत म्हणून काडीला पेस्ट लावायला चौघं आले होते की नाही? आता त्यांच्याकडे फेलफूट, म्हणजे बिनघडाची फूट, काढायची वेळ आली आणि तू फोन बंद करून बसलास. "कोणत्या तोंडानं जाऊ?" म्हणतोस. तोंडाचं तिथे काय काम आहे? हात लागतात.

सावड मोडू नकोस. बाग जाऊ दे, पैसा जाऊ दे, सावड मोडू नकोस.

मी २००९ साली मोडली. ११ नोव्हेंबरला फयान वादळ आलं आणि इकडे निफाडात पावसानं झड धरली. माझी बाग ऐन फुलोऱ्यात. डावणीचा रोग घडावर चढला, बोट फिरवलं की पांढरी बुरशी लागायची. आठवड्यात घड वाळून काळे. माझ्या सावडीतल्या जोडीदाराची छाटणी उशिरा झालेली, त्याची बाग तरली. ती तरली हेच मला बघवलं नाही. लाज वाटत होती असं मी लोकांना सांगत आलो. खरं म्हणजे पोटात दुखत होतं.

पुढे त्याची मण्यांची विरळणी आली. आम्हा नवरा-बायकोचे सहा दिवस त्याला देणं होतं. मी गेलो नाही. बायको निघाली, तिलाही अडवलं. ऐनवेळी त्याला मजुरांची टोळी मिळाली नाही आणि अर्धी बाग तशीच राहिली. मणी एकमेकांत दाबले, घड घट्ट झाले, तो माल निर्यातीला चालला नाही. (त्याच हंगामात युरोपात आपले कंटेनर क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशावरून अडकले. म्हणजे माल निर्यातीचा असता तरी काय झालं असतं, असं मी कितीतरी दिवस स्वतःला समजावत होतो. बघ, अजूनही तेच करतोय. सोसायटीचं कर्ज होतं, घरात आजारपण होतं, मी काही अगदीच नालायक नव्हतो. पण सहा दिवस होते, आणि मी घरी बसून होतो.)

मार्च २०१४ ची गारपीट तुला आठवत असेल, शाळेत होतास. सकाळी तारांखाली मण्यांचा आणि पानांचा नुसता चिखल, आंबूस वास, माश्या. मी बांधावर बसलो होतो. तो आला. चार वर्षांत पहिल्यांदा. नाल्यापलीकडे त्याची बाग तशीच झोडपलेली, पण माझी काढणी आठ दिवसांवर होती, म्हणून आधी माझ्याकडे. खिशातून दोन कात्र्या काढल्या, एक माझ्या हातात दिली. तिच्या कड्याला सायकलची ट्यूब गुंडाळलेली, अंगठा सोलू नये म्हणून. "फुटके मणी आधी काढू, नाहीतर चांगलेही सडतील." दिवसभरात एवढंच बोलला. दुपारी भाकरी खाताना मी "त्या साली..." म्हणून सुरुवात केली, तर म्हणाला, "ठेचा वाढ."

निम्मा माल बेदाण्याला मातीमोल गेला. पण त्या दिवशी तो आला नसता तर मी आज शेतकरी नसतो, हे मला पक्कं माहीत आहे. मी त्याचे आभार मानलेले नाहीत. सावडीत आभार मानत नाहीत, सावड फेडतात. ते सहा दिवस मी अजून फेडतोय आणि ते फिटू नयेत असंच मला वाटतं.

आणि द्यायला माझ्याकडे काय आहे, हे रडगाणं नको. यंदा तुझ्या बागेत घड औषधात बुडवायचं डिपिंग नाही, विरळणी नाही. पाच जणांत मोकळा वेळ असलेला तूच एकटा आहेस. वाईट वाटेल, माहीत आहे. दुसऱ्याचे घड हातात धरताना मलाही वाटलं असतं. वाटू दे, कात्री चालव.

जेसीबीवाल्याला मी परस्पर नाही म्हणून कळवलंय. रागव हवं तर.

सोमवारी सकाळी सातला ओढ्याकाठच्या बागेत पहिलं डिपिंग आहे. बादली घेऊन ये. माझा जोडीदारही येणार आहे. २००९ चं आमचं अजून बोलणं झालेलं नाही, तेव्हा हे पत्र त्याच्यासमोर खिशातून काढू नकोस.

तुझा,
काका