उमेदवार अनेक, पक्ष एक

प्रश्न : धरमपेठेतील आमच्या वाचनकट्ट्यावर वाद झाला. व्हिएतनाममध्ये पक्ष एकच असताना संसदेची निवडणूक हा निव्वळ देखावा आहे, असे मी म्हणालो. तिथेही जागांपेक्षा उमेदवार जास्त असतात, असे माझ्या मित्राचे म्हणणे. खरे काय? – एक वाचक, नागपूर

उत्तर : आपल्या मित्राची माहिती बरोबर आहे, पण तेवढ्याने आपले म्हणणे खोटे ठरत नाही. २०२१ मध्ये तेथील राष्ट्रीय सभेच्या ५०० जागांसाठी ८६८ उमेदवार उभे होते. मतदार पसंतीच्या नावापुढे खूण करीत नाही, तर नको असलेली नावे पेनाने खोडतो. मात्र मतपत्रिका छापली जाण्याआधी ‘पितृभूमी आघाडी’ ही पक्षाच्या छायेतील संघटना सल्लामसलतीच्या तीन फेऱ्या घेते, उमेदवाराच्या राहत्या वस्तीत सभा भरवून शेजाऱ्यांचे मतही विचारले जाते, आणि स्वतःहून अर्ज भरणारे बहुतेक जण याच चाळणीत गळतात. माझ्या मते खरी निवडणूक तिथेच उरकते.

सोव्हिएत संघात तर दीर्घकाळ मतपत्रिकेवर नावच एक असे. ते मान्य असेल तर काहीही न लिहिता कागद सरळ पेटीत टाकायचा; आडोशाला जाण्याची गरज पडे ती नाव खोडायलाच, त्यामुळे तिकडे कोण वळले हे सगळ्यांना दिसे. (गुप्त मतदानाची ही तऱ्हा!)

तरीही खोडण्याच्या या अधिकाराला कमी लेखू नये, कारण निवडून यायला निम्म्याहून अधिक मते लागत. मार्च १९८९ च्या निवडणुकीत लेनिनग्राडचे पक्षप्रमुख युरी सोलोव्योव्ह बिनविरोध उभे होते आणि तरीही पडले. निम्म्याहून अधिक मतदारांनी त्यांचे नाव खोडले होते. आपल्याकडे विधानसभेला ‘नोटा’ला सर्वाधिक मते पडली, तरी त्याखालोखालचा उमेदवार आमदार होऊन हिवाळी अधिवेशनाला नागपुरात हजर राहतो.

क्यूबात २०२३ मध्ये ४७० जागांसाठी नेमके ४७० उमेदवार होते. तिथे कोण जिंकणार हा प्रश्नच नव्हता; साऱ्यांचे लक्ष होते ते सुमारे चोवीस टक्के मतदार केंद्राकडे फिरकलेच नाहीत, याकडे.