चुलत बहीण (१७) जेवण टाळते, विचारलं की चिडते. घरचे म्हणतात, नाटकं करते. काय करावं?

‘नाटकं’ वाचलं आणि राहवलं नाही. माझ्या धाकट्या बहिणीला आमचे काका हेच म्हणायचे.

आम्ही जळगावचे. मे महिना, पारा ४४ वर, गच्चीवर बिबडे वाळताहेत आणि ही आत गोधडी घेऊन बसलेली. हात धरला तर गार. दंडावर बारीक लव आलेली, चार महिने पाळी नाही. आईने नजर काढली. वरण-बट्टी असली की हीच सगळ्यांना आग्रह करकरून वाढायची, वरून तूप सोडायची. एकदा कपाटात जुन्या गाईडांमागे मला सात बट्ट्या सापडल्या, दगड झालेल्या. काकांनी त्या ताटात मांडल्या, तिला सगळ्यांसमोर बसवलं. “खाय आते!” तिने दीड खाल्ली, मोरीत जाऊन ओकली. त्यानंतर ती आमच्यासोबत जेवायलाच बसेना.

हा ॲनोरेक्सिया, म्हणजे वजन वाढेल या भीतीने जेवण तोडण्याचा मानसिक आजार, हे पुढे मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं. दुसऱ्यांना वाढण्याचा सोस कुठून येतो तेही. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटाला ३६ धडधाकट तरुणांना काही महिने अर्धपोटी ठेवलं होतं. त्यांतले काही पाककृतींची पुस्तकं गोळा करायला लागले. उपाशी डोकं अन्नाभोवतीच फिरतं. यात नाटक कुठे आहे?

तुम्ही तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे न्याच. ‘रक्त कमी आहे’ म्हणून टॉनिकवर भागवू नका. पोटॅशियम आणि ईसीजी बघायला सांगा. कुठे जावं कळत नसेल तर टेली-मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट. घरात ‘बारीक झालीस’, ‘जाड झालीस’ दोन्ही बंद.

हो, वजन नीट दिसतं म्हणून गाफील राहू नका, खाऊन ओकणाऱ्यांचं वजन बरेचदा नीटच असतं. चक्कर येऊन पडली तर थेट दवाखाना. आणि फार दिवस उपाशी माणसाला एकदम पोटभर खाऊ घातलं तर रक्तातलं फॉस्फेट घसरतं, जिवावर बेतू शकतं. म्हणजे काकांचा तो उपाय नुसता निर्दयी नव्हता, धोक्याचाही होता.

काका अजून सांगतात, त्या दिवशीच्या दमानेच पोरगी वळणावर आली. नाही. ती अकरा महिन्यांनी नीट जेवायला लागली. तोवर दर जेवणाला आई तिच्याशेजारी पाऊण-पाऊण तास बसायची, एका शब्दाने न रागावता, ताट संपेपर्यंत.