अकिलीसचा अबोला

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. वर्षभर राबून तू उभे केलेले काम वरिष्ठांनी बैठकीत स्वतःच्या नावावर खपवले आणि तेव्हापासून तू सांगितले तेवढेच करतेस. राजीनामा मात्र ‘लोक काय म्हणतील’ म्हणून देत नाहीस. मला होमरच्या ‘इलियड’ या ग्रीक महाकाव्यातला योद्धा अकिलीस आठवला. ग्रीकांनी ट्रॉय शहराला घातलेल्या वेढ्याच्या दहाव्या वर्षी त्यांचा सेनापती अ‍ॅगमेम्नॉन याने अकिलीसच्या वाट्याला आलेली बंदिवान स्त्री ब्रिसेईस हिरावून घेतली. (ब्रिसेईसला कोणीच काही विचारले नाही, हे तुझ्या ध्यानात आलेच असेल.) ग्रीक योद्ध्याचा मान, त्यांच्या भाषेत ‘टीमे’, ही नुसती मनातली भावना नव्हती, लुटीतून चारचौघांदेखत मिळालेला वाटा हीच त्याची खूण होती आणि ती काढून घेणे म्हणजे भर सभेत पागोटे उतरवणे होते. त्यामुळे त्याचा संताप खोटा नव्हता, तुझाही नाही.

माझे लक्ष जाते ते त्याने पुढे काय केले याकडे. आई थेटिसने त्याला दोन वाटा सांगितल्या होत्या: लढलास तर अल्पायुष्य आणि अक्षय कीर्ती, परतलास तर दीर्घायुष्य आणि विस्मृती. नवव्या सर्गात अ‍ॅगमेम्नॉन दहा टॅलंट (जुने वजनी माप) सोने, बारा घोडे आणि ब्रिसेईसही परत देऊ करतो, तेव्हा अकिलीस म्हणतो की गुरेढोरे लुटून आणता येतात, पण दातांच्या कुंपणाबाहेर गेलेला प्राण आणता येत नाही. एवढे उमगलेल्या माणसाने जहाजे पाण्यात लोटायला हवी होती. तो गेला नाही, लढलाही नाही. छावणीत बसून राहिला. त्या बसण्याची किंमत त्याचा जिवलग मित्र पॅट्रोक्लस याने मोजली. अकिलीसचे चिलखत चढवून तो रणात उतरला आणि ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर याच्या हातून मेला.

तुझ्या वयात एका कचेरीत मीही असाच अबोला धरला होता. मी अडवलेली फाइल पुरी करायला हाताखालचा मुलगा रात्रभर जागला, त्यात आकडे चुकले आणि ठपका त्याच्यावर आला. वरिष्ठांच्या केसालाही धक्का लागला नाही. म्हणून तुझ्या अबोल्याचे ओझे कोण वाहते आहे, ते आधी पाहा. मग भांडायचे तर उघड भांड, लेखी भांड.

राहिले लोक. सहाव्या सर्गात हेक्टरच्या शिरस्त्राणावरचा घोड्याच्या केसांचा तुरा पाहून त्याचा तान्हा मुलगा दाईच्या कुशीत तोंड लपवून रडतो. आईबाप हसतात, हेक्टर शिरस्त्राण काढून जमिनीवर ठेवतो आणि मगच मुलाला उचलून घेतो. हाच माणूस पुढे, म्हातारे आईबाप तटावरून विनवीत असताना, वेशीबाहेर अकिलीसला तोंड द्यायला एकटा उभा राहतो, कारण साथीदार पॉलिडामसचा माघारीचा सल्ला त्याने धुडकावलेला असतो आणि आत गेल्यावर ऐकाव्या लागणाऱ्या टोमण्यांची त्याला लाज वाटते.

कीर्ती सोडून दे, असे मी म्हणणार नाही. ती सुटत नाही. होमरच्याच ‘ओडिसी’ या दुसऱ्या महाकाव्याच्या अकराव्या सर्गात मृतांच्या लोकात भेटलेला अकिलीस म्हणतो की मेलेल्यांचा राजा होण्यापेक्षा एखाद्या भूमिहीनाकडे मजुरी करणे मी पत्करीन. लोक इथेच वाचायचे थांबतात. पुढे तो विचारतो, माझा मुलगा रणात आघाडीला होता का? होता, असे कळताच तो अ‍ॅस्फोडेलच्या फुलांच्या कुरणातून लांब ढांगा टाकत खुशीत निघून जातो.

काय ठरवतेस ते कळव.