घर सोडताना किरकोळ दुरुस्त्या भाडेकरूने किती कराव्यात?

आपला प्रश्न असा आहे, की इंदिरानगरमधील टू बीएचके सदनिका तीन वर्षांनी सोडताना घरमालक गळका नळ, तुटलेली कडी, भिंतींतील भोके आणि संपूर्ण घराचे रंगकाम असा सगळाच खर्च डिपॉझिटमधून कापणार म्हणत आहेत, तर त्यातले आपण नेमके काय सोसावे. मी नाशिकमध्ये नऊ वर्षे भाड्याने राहिलो आणि आता पाथर्डी फाट्याजवळचे माझे घर भाड्याने देतो, त्यामुळे या व्यवहारातला दोन्हीकडचा मनस्ताप मला ठाऊक आहे. माझे मत विचाराल, तर नळ, कडी आणि भोके आपण विनातक्रार दुरुस्त करून द्यावीत. रंगकामाचा खर्च मात्र मान्य करू नये.

प्रथम करारनामा काढून वाचावा. आपल्याकडची बहुतेक घरे लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे भाडेपट्ट्याऐवजी केवळ राहण्याच्या परवानगीच्या करारावर, दिली जातात, आणि अशा वेळी करारातले कलम हाच पहिला आधार असतो. घर आहे त्या स्थितीत ठेवावे, नुकसान झाल्यास स्वखर्चाने भरून द्यावे, नेहमीची झीज मात्र त्यात धरू नये, अशा आशयाचे कलम बहुधा असतेच. भाडेपट्टा असेल, तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ मधील कलम १०८ हीच कसोटी लावते : ताबा घेताना घर जसे होते तसे परत करायचे, वाजवी वापराने झालेली झीज आणि अटळ आपत्तीने झालेला बदल एवढे वगळून. घर सोडताना रंगकामासाठी अमुक रक्कम कापली जाईल असे आपल्या करारात स्पष्ट लिहिलेले असेल, तर मात्र माझ्या वरच्या मताचा आपल्याला उपयोग नाही; त्याखाली आपली सही आहे.

करार या बाबतीत मोघम असेल, तर केंद्र सरकारने २०२१ मध्ये राज्यांसाठी तयार केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्याची दुसरी अनुसूची मालकांना दाखवता येते. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही आणि आपल्याकडे भाडे नियंत्रणाचा १९९९ चाच कायदा चालतो, हे खरे. पण कोणाचे काम कोणते, याची इतकी सरळ वाटणी सहसा वाचायला मिळत नाही. नळ व त्यांचे वॉशर, तुंबलेले निचऱ्याचे पाइप, गीझरची दुरुस्ती, स्विच आणि सॉकेट, दारांची कुलपे व मुठी, खिडक्यांच्या काचा ही कामे तिथे भाडेकरूकडे आहेत. भिंतींची सफेदी, दारे-खिडक्यांचा रंग, पाइप बदलणे, वायरिंग आणि इमारतीच्या ढाच्याची दुरुस्ती ही मालकाकडे.

खरा वाद झीज आणि नुकसान यांच्या सीमेवर होतो. तीन वर्षांत फिकट झालेला डिस्टेंपर, सोफ्याच्या पाठीमागे भिंतीला आलेला मळकट पट्टा, दोन पावसाळ्यांनंतर बाहेरच्या भिंतीतून ओल येऊन आत सुटलेले पोपडे, ही झीज आहे. पोपड्यांचे मूळ तर बाहेरच्या प्लास्टरमध्ये असते, त्याला आपण काय करणार? लहान मुलाने रंगवलेली भिंत किंवा कुकर आपटून फुटलेला ओट्याचा कडाप्पा हे नुकसान आहे. काही गोष्टी मधल्याच असतात. बोअरच्या पाण्याच्या क्षाराने शॉवरची भोके बुजतात, त्याला दोषी कोणीच नाही. पण तो काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवला, तर वादच उरत नाही. तसेच, सहा वर्षे वापरलेला गीझर आपल्या हातून निकामी झाला, तरी नव्या गीझरची पूर्ण किंमत मागणे मला रास्त वाटत नाही.

भोकांबाबत माझी एक फजिती सांगतो. गंगापूर रोडवरचे घर सोडताना मी चौदा खिळे उपटले आणि कोणाच्या तरी सल्ल्याने भोकांत टूथपेस्ट भरली. भिंत होती क्रीम रंगाची. सकाळच्या उन्हात चौदाच्या चौदा पांढरे ठिपके लखलखत होते, आणि मालकांच्या मुलाने त्यातल्या एकावर अंगठा दाबताच पेस्ट बोटाला लागून बाहेर आली. त्यांनी त्या दोन्ही भिंती रंगवण्याचे पैसे कापले आणि मला बोलायला तोंड राहिले नाही. आपण रंगाऱ्याला बोलावून भोकांत लांबी (पुट्टी) भरून घ्यावी आणि त्याच छटेचा हात मारून घ्यावा. ड्रिलने बसवलेले पडद्यांचे रॉड मात्र मालकांना विचारूनच काढावेत, कारण पुष्कळांना ते तसेच राहिलेले हवे असतात.

ही कामे मालकांवर न सोडता स्वतः करून घेण्याचे कारण साधे आहे. प्लंबर आपण बोलावला, तर वॉशर बदलून काम भागते. तोच मालकांनी नंतर बोलावला, की अख्खा नळ बदलल्याचे बिल येते. बिले जपून ठेवावीत, प्रत्येक खोलीचे फोटो काढावेत, आणि मालकांना दिवसा उजेडी बोलावून त्यांच्याबरोबर घर फिरून पाहावे. महावितरणच्या मीटरचे रीडिंग, भरलेले शेवटचे बिल आणि दिलेल्या किल्ल्यांची संख्या एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. ताबा घेतानाचे फोटो जुन्या मोबाइलमध्ये असतील तर तेही शोधावेत, कारण न्हाणीघराच्या दाराची खालची फळी आधीपासूनच फुगलेली होती, हे आता दुसऱ्या कशाने सिद्ध होणार नाही.

एवढे करूनही रंगकामाचे पैसे कापलेच, तर कपातीचा तपशील बिलांसह लेखी मागावा. पुढची पायरी वकिलाची नोटीस आणि मग दिवाणी दावा. पण रक्कम पाच-सात हजारांची असेल, तर त्या वाटेचा खर्च आणि हेलपाटे आधी मोजावेत. मी असतो तर तेवढ्यासाठी निम्म्यावर तडजोड केली असती.

रंगाऱ्याला मात्र किल्ल्या देण्याच्या आदल्या दिवशी बोलावू नका. सध्या हवेत दमटपणा आहे, लांबी सुकायला वेळ लागतो, आणि ओल्या लांबीवर मारलेला रंग डागासारखाच दिसतो.